मानपत्र आधी, हात नंतर

माझे मामा स्टेजवर पडले तेव्हा त्यांनी प्रमुख पाहुण्यांनाही गरगर फिरवलं. त्याचं असं झालं. मामा पिशोरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि फेटा बांधण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या कन्नड तालुक्यात कुणी नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेला पाहुणा साडेसहा फूट उंच निघाला. मामा घडीच्या खुर्चीवर चढून त्याला फेटा बांधू लागले. अर्धा बांधून झाला आणि खुर्चीनं घडी घातली. कापडाचं टोक मामांच्या मुठीत होतं आणि उरलेला फेटा पाहुण्याच्या डोक्यावर. मामा जसजसे खाली गेले तसतसा पाहुणा भोवऱ्यासारखा फिरला आणि फेटा पूर्ण सुटल्यावर बरोबर लोकांकडे तोंड करून थांबला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या पडल्या. खाली पडलेले मामाही सवयीनं टाळी वाजवायला गेले तेव्हा त्यांना कळलं की उजवं मनगट मोडलंय.

माणसाला एखादा छंद असतो, एखादं व्यसन असतं. मामांना सत्कार होता. गावात कुणाची बदली झाली की सत्कार, कुणी बदली होऊन आला की सत्कार. तलाठ्यानं नवी मोटारसायकल घेतली म्हणून त्याला शाल पांघरताना मी स्वतः पाहिलंय. शाल, श्रीफळ, फेटा आणि सगळ्यात शेवटी मानपत्र. ते मामा अशा आवाजात वाचत की पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावत. घरी मामा साधं पिशोरचं बोलायचे, "व्हय", "नाय", "लई झालं". माइक हातात आला की त्यांच्या तोंडून संस्कृतच बाहेर पडायचं.

ही मानपत्रं औरंगाबादला गुलमंडीच्या मागच्या ज्या छापखान्यात छापली जात, तिथंच मी प्रूफं तपासायला होतो. आमच्याकडे मामांच्या मानपत्राचा मजकूर अक्षरांचे खिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून फळीवर कायमचा ठेवलेला असे. मामांचा निरोप आला की नावाचे खिळे बदलायचे, हुद्दा बदलायचा आणि मशिनवर चढवायचं. मजकुरातली माणसं बदलत, पण गुण तेच राहत. समाजशास्त्राच्या दृष्टीनं हे मला फार विचार करण्यासारखं वाटे, पण मालकांना कागदाच्या भावापलीकडे शास्त्र मान्य नव्हतं.

तर, मनगट मोडलं. मामांना शहरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टर माणूस हसतमुख, उमदा आणि सदैव कुठंतरी निघालेला. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथल्या चारही भिंतींवर त्यांचेच सत्काराचे फोटो होते. मामा त्या भिंतींकडे बघत राहिले. तीर्थाला आलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. हात जुळवला, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, काळजी सोडा." मामांनी ती तिथंच सोडली.

काही दिवसांनी सूज उतरली आणि प्लास्टर ढिलं झालं. आत हात हलायला लागला. मामा एसटीनं शहरात आले, तर डॉक्टर एका उद्घाटनाला गेलेले. कंपाउंडरनं प्लास्टरवर बोटानं टकटक केलं, कलिंगड बघतात तसं, आणि म्हणाला, "पक्कं आहे." मामा पुन्हा आले, तेव्हा डॉक्टर सत्काराला गेले होते. आता दुसऱ्या कुणाला राग आला असता. मामांनी मात्र परत जाताना मला छापखान्यात गाठलं आणि अभिमानानं सांगितलं, "डॉक्टर लई मोठा माणूस हाय रे. भेटतच नाय."

आणि मग मामांनी तो बेत केला. प्लास्टर दवाखान्यात कापायचं नाही. पिशोरला, शाळेच्या मैदानावर, जाहीर कार्यक्रमात कापायचं. फीत कापतात तसं. डॉक्टरांच्या शुभहस्ते. मी म्हणालो, "मामा, प्लास्टरचा समारंभ कुणी करतं का?"

"नाय करत," मामा म्हणाले, "म्हणून तर करायचा."

फळीवरचा मजकूर काढला, डॉक्टरांचं नाव घातलं, छापलं.

कार्यक्रम दिमाखदार झाला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. शाल, श्रीफळ झालं. फेटा तेवढा मामांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बांधला आणि तो बघताना मामांचे ओठ हलत होते. मग मामांनी एका हातानं कागद धरून मानपत्र वाचलं. त्या दिवशी त्यांचा आवाज असा लागला की मैदानाबाहेर बांधलेल्या बैलांनी माना वर केल्या. मग डॉक्टरांचं भाषण झालं. ते भाषण मानपत्रापेक्षाही लांब होतं. आणि सगळ्यात शेवटी, बँडवाल्यांना इशारा करून, डॉक्टरांनी पिशवीतून मोठी कात्री काढली आणि प्लास्टर कापलं.

हात बाहेर आला. आमटीची पळी कशी दांड्याशी वाकलेली असते, तसा. बँड वाजायला लागला. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मागून एक म्हातारा ओरडला, "मास्तर, हात इकडं अन् पंजा तिकडं चाललाय की वो!"

डॉक्टर म्हणाले, "व्यायामानं येईल जागेवर," आणि शाल तशीच खांद्यावर ठेवून पुढच्या कार्यक्रमाला गेले.

व्यायामानं काही जागेवर आलं नाही. मामा रबरी चेंडू दाबत बसत. जेवण डाव्या हातानं, सही कशीबशी. ते सगळं त्यांनी हसून चालवून घेतलं असतं. पण फेटा बांधताना प्रत्येक वेढ्याला मनगट पुरं वळावं लागतं, पीळ द्यावा लागतो, आणि तेवढंच होत नव्हतं. मामा माठावर सराव करायचे. त्या उन्हाळ्यात मामांच्या घरी पाणी प्यायला गेलं की ओट्यावर सगळे माठ फेटे बांधून बसलेले दिसत, सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांसारखे. एकाचाही फेटा धड नव्हता. कुणाचा कानावर आलेला, कुणाचा सुटून रांजणात पडलेला.

खरी गोम पुढेच होती. मामांना एकच मुलगी, आणि तिचं शिक्षण संपत आलं होतं. ती पाळण्यात होती तेव्हापासून मामा सांगत आले होते की जावयाचा फेटा मी बांधणार. दुसऱ्यांच्या जावयांना आयुष्यभर बांधले ते काय उगाच? आता ते म्हणायचे, "आपल्याच मांडवात आपण भाड्यानं माणूस आणायचा का?" आणि माठाचा फेटा सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला घ्यायचे.  

मी त्यांना एका म्हाताऱ्या प्रोफेसरांकडे नेलं. सरकारी दवाखान्यात जन्मभर हाडं जोडून आणि पोरांना शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी हात उलटसुलट केला आणि विचारलं, "प्लास्टर घातल्यावर पुन्हा एक्स-रे कधी काढला?"

"काढलाच नाय," मामा म्हणाले.

"मधे कुणी हात बघितला?"

"कंपाउंडरनं वाजवला."

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की सूज उतरली की हाड सरकू शकतं, म्हणून पहिल्या पंधरवड्यात पुन्हा एक्स-रे काढून बघायचं असतं. तेव्हा सरकलेलं दिसलं असतं तर नीट करता आलं असतं. अजूनही होईल, पण आता हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल. समारंभाच्या दिवसाचे फोटो आमच्याकडे एक अल्बम भरून होते. हाताच्या आतला मात्र एकच, पहिल्या दिवसाचा, आणि तोही दवाखान्यात.

मामांचा एक शाळूसोबती शहरात वकील होता. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या शाळेत, दोघं एका बाकावर उर्दूत बाराखडी शिकले होते. पुढं शाळा मराठी झाली, मामा मास्तर झाले आणि तो वकील झाला, पण भांडायची भाषा दोघांची तीच राहिली. सगळं ऐकून वकीलसाहेब म्हणाले, "मास्टर, डाक्टर को पैसे दिये थे?"

"दिले की."

"फिर तुम गिऱ्हाईक. सरकारी में मुफ्त जाते तो बात अलग थी. आता दिल्लीहून निकाल आलाय, पैसे घेऊन इलाज करणारे डॉक्टरही ग्राहक कायद्यात येतात. दोन वर्षांच्या आत ग्राहक मंचात तक्रार करायची. आधी जाऊन आपले कागद मागा."

कागद मागायला मी आणि मामा गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "केसपेपर दवाखान्याचे असतात. पेशंटला देत नाहीत." आम्ही तसंच येऊन सांगितलं. वकीलसाहेब उसळले, "कायकू नहीं देते? हाड तुमचं, त्याचा एक्स-रे तुमचा. हाड काय दवाखान्यानं दिलं होतं? ये मेहरबानी नहीं है मास्टर, हक़ है." मग त्यांनी नोटीस धाडली आणि कागद मुकाट्यानं आले. पहिल्या दिवसाचा एक्स-रे होता, पुढं काहीच नव्हतं.

तोवर पिशोरात बोभाटा झाला. तक्रार करणार म्हणून नव्हे. ज्याला शाल पांघरली त्याच्यावर केस करणार म्हणून. पारावर एकानं मामांना अडवलंच. "मास्तर, शाल देऊन कोर्टात खेचायचं असंल तर पुढच्या वर्षी माझा सत्कार नको बरं का."

पण खरी अडचण वकिलांनी मामांच्या घरी येऊन सांगितली. "वो लोग मानपत्र पढेंगे. प्लास्टर काढायच्या दिवशी पेशंटनं स्वतःच डॉक्टरला देवमाणूस म्हटलंय, आता तक्रार कसली? मग तुम्हाला विचारतील. और मास्टर, तुम सच बोलना."

"खरं म्हणजे काय?"

"हेच, की मानपत्र कसं तयार होतं."

मामांचा चेहरा उतरला. मंचासमोर ते सांगायचं म्हणजे तालुक्यातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेलं प्रत्येक मानपत्र त्याच क्षणी पोकळ ठरणार. ते टांगणारे सगळे मामांचे मित्र, सोयरे, विद्यार्थी. मामा म्हणाले, "राहू द्या ती केस. हात काय, वाकडा तर वाकडा."

मामी आजवर एकाही सत्काराला स्टेजवर चढल्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "राहू द्या की. भिंतीवरच्या लोकांची अब्रू सांभाळा तुम्ही. अन् लग्नात जावयाच्या डोक्यावर काय ठेवता, माठ?"

मामांनी तक्रारीवर सही केली. तीही वाकडी आली.

ग्राहक मंच तेव्हा एका भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरायचा. समोर तिघं बसत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, एक सदस्य, आणि एक सदस्या. या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आधी प्रोफेसरांची साक्ष झाली. एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर उभा राहणं ही त्या काळी पाहायला तिकीट लावावं अशी गोष्ट. ते म्हणाले, "हाड वाकडं जुळलं म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. हाड वाकडं चाललंय का, हे बघायला वेळच काढला नाही म्हणून ठरतो."

समोरच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या हातूनही कधी हाडं वाकडी जुळली असतीलच ना?"

"जुळली की. मी बघत होतो म्हणून मला कळली."

मग त्या वकिलानं मानपत्र काढलं. छापलेलं, चौकटीतलं, दवाखान्याच्या भिंतीवरचं. आणि वाचायला सुरुवात केली. आवाज बरा होता, पण मामांची सर नव्हती. मामा कळवळत होते. "आपल्या अमृतमय करस्पर्शाने असंख्य दीनदुबळ्यांच्या अंधारलेल्या जीवनात..."

"थांबा," सदस्या बाई म्हणाल्या. "पुढचं मी सांगू? 'आशेचा नंदादीप तेवत ठेवला, आणि या मातीचे पांग फेडले.'"

वकिलानं कागदावर पुढची ओळ शोधली. तसंच होतं.

"माझ्या निवृत्तीला मिळालंय मला," बाई म्हणाल्या. "हॉलमध्ये लावलंय."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "मास्तर, हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय साहेब."

"मनापासून?"

मामा उठून उभे राहिले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर आशेनं बघत होते. मागच्या बाकांवर पिशोरची मंडळी बसली होती, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी तोच मजकूर होता. वाकडा हात मामांनी पाठीमागं धरला होता, तो पुढं घेतला.

"मनापासूनच, साहेब," ते म्हणाले. "पण हात बघून नाय. मानपत्र माणूस यायच्या आधी छापावं लागतं. बघून कुणाचंच लिहीत नसतात. तो मजकूर छापखान्यात बांधून ठेवलेला असतो, माझा भाचाच तिथं आहे. आम्ही नाव बदलतो."

"आणि करस्पर्श?" अध्यक्षांनी विचारलं.

मामांचा आवाज खाली आला. "तो मूळचा गुरांच्या डॉक्टरसाठी घातला होता. तिथं दीनदुबळ्यांच्या जागी मुके जीव होते."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मंचाचा शिपाई दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून हसायला लागला. बाईंनी चष्मा काढला. "तरीच," त्या म्हणाल्या, "माझ्या मानपत्रात एके ठिकाणी 'रुग्णांची अविरत सेवा' असं आहे. मी इतकी वर्षं विचार करत होते, की हे आमच्या विद्यार्थ्यांबद्दल आहे की काय." ते प्रूफ माझ्या आधीच्या माणसानं वाचलं होतं, हे इथं नमूद करून ठेवतो. यावर अध्यक्षांनीही तोंडापुढं फाइल धरली. फाइल हलत होती.

मामा तेवढे उभेच होते. घाम पुसत म्हणाले, "साहेब, हात प्लास्टरमधे होता तेव्हा मी आभार मानले. हात बाहेर आला तवा मानायला काही उरलं नव्हतं. एवढंच."

निकाल मामांच्या बाजूनं लागला. हाड पुन्हा बसवायच्या ऑपरेशनचा खर्च डॉक्टरांनी द्यायचा, वर मनस्तापाची भरपाई. वकीलसाहेब मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्टर, ज़िंदगी में पहली बार बिना माइक के बोले, और जीत गए."

जिन्यात डॉक्टर भेटले. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. ते मामांजवळ आले आणि हळूच विचारलं, "मास्तर, ते गुरांचं... खरंच?"

"खरंच."

डॉक्टरांचा चेहरा पाहवेना. मामांना राहवलं नाही. "पण आवाज तुमच्या वेळेला जास्त लावला होता," ते म्हणाले. "बैलांनासुद्धा इचारा." डॉक्टर मोठ्यांदा हसले. खाली उतरताना मानपत्राची चौकट त्यांनी काखेत मारली होती. टाकून दिली नव्हती.

प्रोफेसरांच्या एका विद्यार्थ्यानं, तरुण सर्जननं, हात पुन्हा बसवला. मामा ठरल्या दिवशी एक्स-रेला जायचे आणि न चुकता तो खिडकीशी धरून बघायचे, कळत काही नसलं तरी. प्लास्टर दवाखान्यातच, दुपारी, मी आणि मामी एवढ्या दोघांसमोर कापलं गेलं. मामांनी मनगट वळवलं. अगदी पहिल्यासारखं नाही, पण वळलं. मी म्हणालो, "मामा, टाळ्या?" ते म्हणाले, "थांब. फेटा होऊ दे."

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा सोयगावचा, सुदैवानं बेताच्या उंचीचा. मामांनी त्याला जमिनीवर पाटावर बसवला आणि स्वतः मागं उभे राहिले. घडीची खुर्ची मांडवाबाहेर ठेवायला लावली होती. पहिला वेढा, दुसरा, मग पीळ. बायका गाणं विसरून त्या मनगटाकडं बघत होत्या. शेवटचं टोक खोवलं, तुरा उभा केला. फेटा किंचित, अगदी किंचित, डावीकडं झुकला होता. मनगट जेवढं वळायचं राहिलं होतं तेवढाच.

तरुण सर्जन लग्नाला आला होता. कुणीतरी लगेच शाल आणून त्याला पांघरली, माइक मामांच्या हातात दिला आणि सगळे सावरून बसले. मामांनी माइक तोंडाशी नेला, मग जरा विचार करून डाव्या हातात घेतला. उजवा हात वर धरला, तळवा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. "बघा," ते म्हणाले, आणि माइक परत दिला.

सर्जनला वाटलं, अजून सुरुवात व्हायचीय. तो शाल घेऊन बराच वेळ उभा होता.

जेवणाच्या पंगतीत मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, "व्याही, फेटा असा कलता बांधायची पिशोरची रीत हाय का?"

मामा काही बोलायच्या आत पलीकडून वाढणाऱ्या मामी म्हणाल्या, "व्हय. नवीन हाय." पुढल्या लग्नसराईत देवगाव रंगारीच्या एका वरातीत मी नवरदेव पाहिला, तर त्याचाही फेटा डावीकडं झुकलेला. बांधणाऱ्याचं मनगट ठणठणीत होतं. त्यानं तो मुद्दाम झुकवला होता.